सिग्नलला गार, हायवेला गरम: पिकअपच्या हीटरचा माग

तक्रार अशी: ट्रक सिग्नलला उभा राहिला की पाऊण मिनिटात व्हेंटमधली ऊब ओसरायची आणि हायवेला लागला की परत यायची. प्रवाशाच्या बाजूला तर हायवेवरही कोमटच हवा. मध्येच चार-पाच दिवस सगळं सुरळीत, मग एका सकाळी पुन्हा तेच. गाडी म्हणजे २०११ची अर्ध्या टनाची पिकअप, आठ सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, २,४०,००० किलोमीटर चाललेली, कॅनडातल्या कॅलगरीत बाराही महिने उघड्यावर उभी. इथे उणे २५ला डिफ्रॉस्टरमधून गरम हवा आली नाही तर श्वासाची वाफ काचेवर आतून गोठते आणि समोरचा रस्ता दिसेनासा होतो. त्यामुळे हीटरचा दोष ब्रेकच्या दोषाइतकाच गंभीर मानून कामाला लागलो.

अशा तक्रारीवर पहिला सल्ला मिळतो थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारा द्रव, रेडिएटरकडे न सोडणारी झडप) बदलण्याचा. दुसरा हीटर कोअर बदलण्याचा. पहिलं काम तासाभराचं, दुसऱ्यासाठी अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. दोन्ही सल्ले कधी ना कधी बरोबर ठरलेले असतात, म्हणूनच ते सगळीकडे ऐकू येतात. पण दोष अधूनमधून येणारा असेल आणि आपण सुटे भाग बदलत सुटलो, तर दोष गेला की नुसता दबा धरून बसला हे कळायला मार्ग राहत नाही. म्हणून एकच नियम धरला: हीटर गार पडलेला असतानाच बॉनेट उघडायचं आणि मोजमाप घ्यायचं. हीटर छान चालू असताना घेतलेले आकडे फक्त तुलनेसाठी.

केबिनमधली ऊब इंजिनाकडून उसनी आलेली असते. इंजिनातून तापून आलेलं कूलंट एका रबरी होजमधून डॅशबोर्डच्या पोटातल्या छोट्या रेडिएटरमध्ये जातं आणि दुसऱ्या होजने परत येतं. हा छोटा रेडिएटर म्हणजे हीटर कोअर. त्याच्यावरून ब्लोअर हवा ढकलतो. त्यातली किती हवा कोअरवरून जायची आणि किती बाहेरून वळवायची हे ब्लेंड डोअर ठरवतं, आणि ते फिरवते प्लास्टिकच्या दात्यांची एक इवलीशी मोटर. एवढ्या यंत्रणेत बिघडणार काय? कूलंट पुरेसं तापत नाही, तापतं पण कोअरपर्यंत पोचत नाही, पोचतं पण ब्लेंड डोअर अडकलंय, किंवा ब्लोअर हवाच टाकत नाही. आमच्या गाडीत ब्लोअरचे सगळे वेग चालत होते आणि केबिन फिल्टर स्वच्छ होता, तेव्हा चौथी शक्यता पहिल्याच दिवशी निकालात निघाली. ज्यांच्या गाडीत ब्लोअर फक्त सगळ्यात वरच्या वेगाला चालतो त्यांनी थेट रेझिस्टर (ब्लोअरचे खालचे वेग ठरवणारा भाग) आणि त्याचा कनेक्टर काढून बघावा. कनेक्टर वितळलेला असेल तर नुसता रेझिस्टर बदलून भागत नाही. ब्लोअरची मोटर जड फिरून जास्त करंट ओढत असते, तीही तपासावी लागते.

हत्यारं फारशी लागली नाहीत. लांबून तापमान सांगणारी इन्फ्रारेड गन, स्वयंपाकघरात वापरतात तसा सुईचा थर्मामीटर, ओबीडी पोर्टला (गाडीच्या संगणकाशी जोडणाऱ्या सॉकेटला) लावायचा साधा स्कॅनर आणि कूलिंग सिस्टिमला दाब देणारा हातपंप. हा हातपंप इथे सुट्या भागांच्या बऱ्याच दुकानांत अनामत ठेवून मिळतो. इन्फ्रारेड गनबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवायची: चकचकीत ॲल्युमिनियमवर ती खोटं वाचते, ८५ अंशांच्या नळीला ४०सुद्धा दाखवते. काळ्या रबरावर मात्र ती भरवशाची. धातूच्या नळीवर मोजायचं असेल तर काळी इन्सुलेशन टेप गुंडाळायची आणि टेपवर रोखायची.

थर्मोस्टॅटची शंका आधी फेडून घेतली. डॅशबोर्डवरचा काटा इथे कामाचा नाही. बऱ्याच गाड्यांत तो मुद्दाम संथ ठेवलेला असतो, इंजिन ८० अंशांवर असो वा १०० अंशांवर, काटा मधोमधच. स्कॅनरवर खरं तापमान बघत एडमंटनच्या दिशेने हायवे २ वर चाळीस मिनिटं गाडी चालवली. बाहेर उणे २२, वेग ताशी ११० किलोमीटर, आणि आकडा ८८ ते ९१च्या मध्ये. थर्मोस्टॅट उघडा अडकलेला असता तर अशा थंडीत, अशा वेगात हा आकडा ६०-७०पर्यंत घसरला असता, आणि बहुधा पी०१२८ हा बिघाडाचा कोडही स्कॅनरवर दिसला असता. तसं काही झालं नाही. कूलंट तापत होतं.

आता होज. फायरवॉलपाशी, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यापाशी, दोन होज शेजारी-शेजारी असतात, एक कोअरमध्ये जाणारा, एक परतीचा. इंजिन पूर्ण तापलेलं, हीटर पूर्ण गरमवर, ब्लोअर पूर्ण वेगात, अशा स्थितीत दोन्हींचं तापमान मोजायचं. जाणारा गरम आणि परतीचा त्याहून दहा-वीस अंशांनी कमी असेल तर कोअरमधून प्रवाह नीट आहे. दोन्ही कडक गरम आणि तरी केबिनमध्ये गार हवा असेल तर दोष ब्लेंड डोअरचा. जाणारा गरम आणि परतीचा जवळजवळ गार, म्हणजे प्रवाह अडतोय. दोन्ही गार असतील तर गरम कूलंट तिथवर येतच नाही.

हे आकडे मिळवायला पार्किंगमध्ये दोष येईपर्यंत थांबलो. स्कॅनर ८९ दाखवत असताना, इंजिन मिनिटाला ६०० फेऱ्यांच्या आयडलवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता नुसतं चालू असताना, जाणारा होज ६१ आणि परतीचा १९. चालकाच्या बाजूची व्हेंट २२ अंश, प्रवाशाची ९. मग ॲक्सिलरेटर दाबून फेऱ्या १,८०० वर धरल्या. मिनिटभरात जाणारा ८४ झाला आणि परतीचा ४७. त्याच वेळी डॅशबोर्डच्या आत पाणी खळखळल्याचा आवाज आला, बाटली अर्धी भरून हलवल्यावर येतो तसा. तो आवाज ऐकल्यावर अर्धं निदान झालंच. कोअरमध्ये हवा होती. हीटर कोअर सिस्टिममधल्या उंच जागांपैकी एक, त्यामुळे कूलंट कमी झालं की हवा तिथे जाऊन बसते. इंजिन जोरात फिरत असताना वॉटर पंप त्या हवेतूनही कूलंट रेटतो, आयडलला त्याचा जोर पुरत नाही. सिग्नलला गार, हायवेला गरम, याचा उलगडा असा.

दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना कूलंटच्या टाकीतली पातळी बघितली. थंड स्थितीच्या खुणेच्या खाली दोन बोटं. गरम इंजिनावर पातळी बघण्यात अर्थ नाही, कूलंट फुगून वर आलेलं असतं. आणि गरम इंजिनावर झाकण उघडणं तर जिवावर बेतणारं काम आहे: झाकण सिस्टिमला साधारण १५ पीएसआय दाबाखाली ठेवतं, दाब सुटला की शंभर अंशांच्या वर गेलेलं कूलंट उकळून अंगावर उडतं.

पातळी कमी झाली होती, पण गाडीखाली थेंब नाही, इंजिन ऑइलचा रंग दुधाळ नाही, केबिनच्या गालिच्यात ओल नाही, काचेवर गोडसर वासाचा चिकट धूसर थर नाही. शेवटच्या दोन गोष्टी कोअरच फुटल्याच्या खुणा असतात. इंजिनाच्या आतून, हेड गॅस्केटमधून (इंजिनाच्या दोन भागांमधल्या सीलमधून) ज्वलनाचा वायू कूलंटमध्ये घुसत असेल तरी हवा जमते, म्हणून ती परीक्षाही करून टाकली. टाकीच्या तोंडावर निळ्या द्रावाची नळी धरायची आणि चालत्या इंजिनाच्या टाकीतली हवा त्या द्रावातून ओढायची. ज्वलनाचा वायू असेल तर निळा रंग पिवळा होतो. दोनदा केलं, निळा तो निळाच राहिला. मनावरचं ओझं उतरलं, कारण हेड गॅस्केट निघालं असतं तर या वयाच्या गाडीवर तो खर्च करायचा की नाही इथपासून विचार करावा लागला असता.

मग दाबाची परीक्षा. हातपंप टाकीला लावून १५ पीएसआय दाब दिला आणि अर्धा तास थांबलो. काटा हलला नाही. गळती नाही असं म्हणून इथेच बरेच जण थांबतात, आणि आम्हीही थांबलो असतो. पण त्या दिवशी शिनूक वारे सुटले होते. रॉकी पर्वत ओलांडून खाली उतरताना ते तापतात आणि काही तासांत कॅलगरीचं तापमान वीसेक अंशांनी वर नेतात. दाब दिला तेव्हा बाहेर ८ अंश होते. वहीत हीटरच्या नोंदींसमोर बाहेरचं तापमानही लिहीत होतो, ते पान उलटून बघितलं: हीटर सुरळीत चाललेले सगळे दिवस शून्याच्या वरचे, आणि पातळी उतरायची ती कडाक्याच्या रात्रींनंतर. मध्ये कूलंट दोनदा भरलंही होतं, हेही आठवलं.

चार दिवसांनी सकाळी साडेसहाला, उणे १८ अंशांत, रात्रभर उभ्या असलेल्या गाडीवर तीच परीक्षा पुन्हा केली. १५ वरून काटा वीस मिनिटांत ११ वर आला. टॉर्च आणि दाताच्या डॉक्टरकडे असतो तसा छोटा आरसा घेऊन वॉटर पंपाच्या खालून बघितलं. पंपाच्या अंगाला एक बारीक भोक असतं, आतलं सील झिजलं की कूलंट बेअरिंगमध्ये न शिरता तिथून बाहेर पडावं यासाठी ठेवलेलं. त्या भोकाच्या काठावर नारिंगी-गुलाबी पापुद्रा धरला होता, मिठागराच्या कडेला धरतो तसा, आणि त्यातून एक थेंब फुगत फुगत येऊन पंपाच्या खालच्या कडेवर सरकत होता. जमिनीवर काही पडत नव्हतं, कारण खालच्या पत्र्यावरच तो साचून राहत होता. कडक थंडीत धातू, रबर आणि सील वेगवेगळ्या प्रमाणात आक्रसतात आणि फट पडते. इंजिन तापलं की फट मिटते, पुढे इंजिनाच्या उष्णतेवर उरलंसुरलं सुकून जातं. अशी गळती उबदार गॅरेजमध्ये सापडत नाही. ज्यांची गाडी रात्री गरम गॅरेजमध्ये असते त्यांनी ही एक परीक्षा करायला गाडी रात्रभर बाहेर ठेवावी, आणि ब्लॉक हीटरची (उभ्या गाडीचं इंजिन कोमट ठेवणाऱ्या विजेच्या हीटरची) वायर त्या रात्री लावू नये.

पंप बदलायचं ठरलं. पण आकड्यांतली एक गोष्ट अजून खुपत होती. फेऱ्या वाढवल्यावरही जाणारा होज ८४ आणि परतीचा ४७, म्हणजे ३७ अंशांचा फरक. तुटीचं कूलंट भरून, हवा काढून पुन्हा मोजलं तर खळखळ बंद झाली, आयडलला चालकाच्या बाजूची हवा तापली, पण फरक ३२च्या खाली येईना आणि प्रवाशाची बाजू ३१ अंशांवरच. दोन्ही बाजूंचे नॉब आलटून-पालटून फिरवले, दोन्ही मोटरी नीट फिरत होत्या. टकटक आवाज नव्हता. दाते तुटलेल्या मोटरीचा टकटक आवाज गाडी सुरू केल्या केल्या डॅशबोर्डच्या ग्लोव्ह बॉक्समागून येतो. परतीचा होज इतका गार असताना ब्लेंड डोअरवर संशय घेण्याचं कारणही नव्हतं. कोअर अर्धवट तुंबला होता. तुंबलेल्या कोअरच्या ज्या भागातून कूलंट फिरतं त्याच्यासमोरची हवा तापते आणि दुसऱ्या टोकाची कोमट राहते. दोन झोनच्या (चालक आणि प्रवाशाचं तापमान वेगवेगळं ठरवता येणाऱ्या) गाडीत ते ‘एक बाजू गरम, एक गार’ असं दिसतं, आणि लोक ब्लेंड डोअरच्या मोटरी बदलत बसतात.

म्हणजे एकाच तक्रारीखाली दोन दोष होते. पहिला दुरुस्त करून दुसरा तसाच ठेवला असता तर पंपाने काही फरक पडला नाही असंच वाटलं असतं.

काम उबदार गॅरेजमध्ये केलं, थंडीत प्लास्टिकचे जोड काचेसारखे तडकतात म्हणून. रेडिएटरच्या खालच्या तोटीतून साडेसात लिटर कूलंट निघालं. पूर्ण सिस्टिम सोळा लिटरच्या आसपास, बाकीचं इंजिनाच्या ब्लॉकमध्येच राहतं. निघालेलं कूलंट नारिंगी असायला हवं होतं, ते गढूळ तपकिरी होतं आणि बादलीच्या तळाशी दाणेदार गाळ बसला. आधी कोणीतरी गळती थांबवण्याची पूड टाकलेली होती. ही पूड बारीक भोकं बुजवते, आणि सिस्टिममधल्या सगळ्यात बारीक नळ्या हीटर कोअरच्या असतात. रस्त्यात अडकलेल्या माणसाने घरी पोचण्यापुरती ती वापरली तर त्याला दोष देणार नाही. पण घरी पोचल्यावर सिस्टिम धुऊन काढायलाच हवी.

हीटरचे होज फायरवॉलच्या बाजूने सोडायचा मोह आवरला. तिथले प्लास्टिकचे झटपट जोड या वयात हात लावताच तुटतात. होजची दुसरी टोकं पंपाला जोडलेली असतात, पंप निघणारच होता, तिथूनच कोअर धुता आला. उलट्या दिशेने धुवायचं, म्हणजे परतीच्या होजमधून पाणी आत. बागेच्या नळाचा पूर्ण दाब द्यायचा नाही. घरगुती पाण्याचा दाब सिस्टिमच्या १५ पीएसआयच्या तिप्पटही असू शकतो आणि जुना कोअर त्याने फुटतो. फडताळावर दीड मीटर उंचीवर बादली ठेवून, ४० अंशांचं कोमट पाणी नुसत्या उताराने सोडलं. पहिली दहा लिटरची बादली रिकामी व्हायला एक मिनिट पन्नास सेकंद लागले. पाणी चहासारखं आलं आणि गाळणीवर पुडीचे तांबूस कण. सहा वेळा दिशा बदलून बदलून पाणी सोडलं, मध्ये मध्ये तोंडाने फुंकता येईल इतक्याच जोराने हवा. शेवटच्या बादलीला पंचावन्न सेकंद लागले. वेळ मोजल्यामुळे कधी थांबायचं ते कळलं: सलग दोन बादल्यांचा वेळ सारखा आला की पाण्याने निघण्यासारखं निघालेलं असतं. आम्लाचा उपाय केला नाही. कोअर ॲल्युमिनियमचा, आधीच पातळ झालेला. पुडीचा गाळ आम्लाने विरघळतो असंही नाही. कॅलगरीचं नळाचं पाणी जड आहे, म्हणून शेवटची धुलाई चार लिटर डिस्टिल्ड पाण्याची.

नवा पंप बसवताना जुन्या गॅस्केटचे अवशेष प्लास्टिकच्या पट्टीने खरवडले, लोखंडी पात्याने ॲल्युमिनियमवर ओरखडे पडतात आणि तिथूनच पुढे झिरपतं. नव्या गॅस्केटला सिलिकॉन लावलं नाही, धातूच्या थराचं गॅस्केट कोरडंच बसवायचं असतं. बोल्ट दोन टप्प्यांत, आधी १५ न्यूटन-मीटर, मग ३०, या इंजिनाच्या मापाप्रमाणे. आपल्या गाडीचं माप आपल्या गाडीच्या पुस्तिकेतून घ्यावं. होजवर मूळचे स्प्रिंगचे क्लॅम्पच परत लावले. स्क्रूने आवळायचे क्लॅम्प दिसायला मजबूत, पण थंडीत रबर आक्रसलं की ते मागोमाग आवळले जात नाहीत आणि पुन्हा तशीच थंडीतली गळती सुरू होते. थर्मोस्टॅट या इंजिनात पंपाच्याच तोंडाशी असतो, तो पंपासोबत नवाच आला.

भरताना एक हिशेब चुकला तर महागात पडतं. धुतलेल्या कोअरमध्ये आणि होजमध्ये लिटरभर नुसतं पाणी अडकून राहतं. वरून तयार, निम्मं पाणी मिसळलेलं कूलंट ओतलं तर मिश्रण पातळ होतं आणि रात्री गाडी बाहेर ठेवली की कोअरमधलंच पाणी गोठून तो फुटतो. म्हणून आधी एक लिटर अस्सल, पाणी न मिसळलेलं कूलंट ओतलं, मग तयार मिश्रण. निम्म्या-निम्म्या मिश्रणाचा गोठणबिंदू उणे ३७च्या आसपास. इंजिन चालवून सगळं मिसळल्यावर रिफ्रॅक्टोमीटरच्या (मिश्रणाचा गोठणबिंदू दाखवणाऱ्या उपकरणाच्या) काचेवर एक थेंब ठेवून बघितलं, रेघ उणे ३८वर होती. ते बघितल्याशिवाय गाडी गॅरेजबाहेर काढली नाही.

हवा काढायला पुढची चाकं रॅम्पवर चढवली, म्हणजे टाकीचं तोंड सगळ्यात उंच. तोंडाला घट्ट बसणारं मोठं फनेल, त्यात दोन लिटर कूलंट, हीटर पूर्ण गरमवर, ब्लोअर मंद, गॅरेजचं दार सताड उघडं. इंजिन तापेपर्यंत बुडबुडे येत राहतात. वरचा मोठा होज हाताने दाबत राहिलं की लवकर सुटतात. थर्मोस्टॅट उघडला तेव्हा फनेलमधली पातळी एकदम खाली गेली, ती घाबरण्याची गोष्ट नाही, रेडिएटर भरत असतो. मग दोन हजार फेऱ्यांवर तीन-चार मिनिटं धरून सोडायचं, बुडबुडे थांबेपर्यंत. पंचवीस मिनिटं गेली. सांडलेलं कूलंट लगेच पुसून घ्यायचं. ते चवीला गोड लागतं, कुत्री चाटतात, आणि थोडंसंही त्यांच्या मूत्रपिंडांना पुरून उरतं. जुनं कूलंट झाकणाच्या डब्यात भरून शहराच्या घातक कचऱ्याच्या केंद्रावर दिलं.

भारतात लेह किंवा स्पितीला पिकअप नेणाऱ्यांसाठी इथेच थोडं. आपल्याकडच्या उकाड्यात हीटर वर्षानुवर्षं वापरला जात नाही. कोअर गळायला लागला की गॅरेजवाले दोन्ही होज एकमेकांना जोडून कोअर बाजूला काढतात, आणि गाडी विकताना ते कोणी सांगत नाही. जुन्या गाड्यांत बॉनेटखाली हीटरचा कॉक असतो, तो बंद स्थितीत गंजून बसतो. आणि रेडिएटरमध्ये साधं पाणी भरलेलं असेल तर गंजाने कोअर तुंबलेलाच धरून चाला. निघण्याच्या पंधरा दिवस आधी भर उन्हात हीटर लावून दोन्ही होजना हात लावून बघावा. डिझेलवाल्यांनी हेही लक्षात ठेवावं की कडक थंडीत डिझेल इंजिन नुसतं आयडलवर ठेवून नीट तापत नाही. तिथे उभ्या गाडीत गार हवा येणं हा बिघाड असेलच असं नाही.

आमच्या गाडीचे नंतरचे आकडे: उणे २६ अंश, दहा मिनिटं आयडलवर, जाणारा होज ८५, परतीचा ७०, चालकाची व्हेंट ५६, प्रवाशाची ५१. पाच अंशांचा फरक राहिला आहे, कोअर पूर्ण मोकळा झालेला नाही आणि पाण्याने होणारही नाही, पण डिफ्रॉस्टर काच स्वच्छ ठेवतो. दाबाची परीक्षा उणे १९ला पुन्हा केली, अर्ध्या तासात काटा १५ वरून हलला नाही. कूलंटच्या टाकीवर थंड पातळीला पांढऱ्या टेपची खूण लावली आहे आणि दर रविवारी सकाळी, गाडी सुरू करायच्या आधी, ती बघितली जाते. धुलाईत सुटलेला गाळ फिरत राहतो, म्हणून पुढच्या हिवाळ्याआधी पूर्ण कूलंट एकदा बदलायचं आहे.